विवाह-छायाचित्रकाराची निवड : एका बिनवतनी व्यवसायाचा इतिहास

विवाहसंस्थेच्या इतिहासाचा विचार करताना आपले लक्ष स्वाभाविकपणेच धर्मशास्त्र, कायदा, विवाहवय, हुंडा आणि जातिबंधने यांकडे जाते. विवाहसमारंभ ज्यांच्या श्रमावर उभा राहतो त्या व्यावसायिकांकडे ते क्वचितच वळते. आणि त्यांतही अगदी अलीकडचा जो छायाचित्रकार, तो तर इतिहासाचा विषय होऊ शकतो असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. “लग्नाला फोटोग्राफर कोणता सांगावा?” हा प्रश्न यादीच्या बैठकीत शेवटी निघणारा, एक घरगुती प्रश्न समजला जातो. तथापि या साध्या प्रश्नामागे एक लक्षणीय सामाजिक परिवर्तन दडलेले आहे. हा प्रश्न विचारता येण्यासाठी तीन गोष्टी आधी घडून याव्या लागल्या. मनुष्याची प्रतिमा यंत्राने घेण्याची विद्या आपल्याकडे यावी लागली. ती विद्या जाणणारा मनुष्य पैसे घेऊन कोणाचेही काम करील अशी बाजारपेठ निर्माण व्हावी लागली. आणि त्या मनुष्याचा यजमानावर कोणताही पूर्वापार हक्क नसावा लागला. पहिल्या दोन गोष्टी छायाचित्रकलेच्या इतिहासात नोंदलेल्या आहेत. तिसरीचा विचार बहुधा झालेला नाही. प्रस्तुत लेखात तो करण्याचा प्रयत्न आहे. विवेचनाचे क्षेत्र मुख्यतः पूर्वीचा मुंबई इलाखा हे असून, तुलनेसाठी आवश्यक तेथेच बाहेरची उदाहरणे घेतली आहेत.

१. हक्क आणि निवड

जुन्या मराठी गावातील लग्नात कोणाला बोलवावयाचे हे यजमान ठरवीत नसे, ते आधीच ठरलेले असे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गांवगाडा’ या ग्रंथात बलुत्या-अलुत्यांच्या ज्या कामांचे व हक्कांचे वर्णन केले आहे त्यांवरून ही व्यवस्था स्पष्ट होते. स्थलपरत्वे तपशिलात फरक असला, तरी जोश्याने मुहूर्त सांगावा, कुंभाराने मडकी पुरवावी, परटाने पायघड्या घालाव्या, गुरवाने पत्रावळी द्याव्या, मातंगांनी वाजंत्री वाजवावी, आणि प्रत्येकाला त्याचा ठरीव मान व हक्क मिळावा, अशी ही मांडणी होती. काम चांगले होईल की वाईट, हा प्रश्न येथे गौण होता. काम करण्याचा अधिकार कोणाचा, हा मुख्य होता.

हा अधिकार किती खोलवर रुजला होता याचे गमक न्यायालयांत सापडते. यजमानाने दुसऱ्याकडून धर्मकृत्य करवून घेतले तरी आपली दक्षिणा आपणांस मिळावी, असे दावे वतनदार जोश्यांनी एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातील दिवाणी न्यायालयांत लावले, आणि असा हक्क मान्य झाल्याची उदाहरणे आहेत. जोतीराव फुले यांनी १८७३ च्या सप्टेंबरात सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ब्राह्मण पुरोहितावाचून विवाह लावण्यास आरंभ झाला. त्यानंतर हा प्रश्न अधिकच तीव्र झाला. आपल्या घरच्या लग्नात आपल्याला हवा तो मनुष्य बोलवावा, ही आज सहज वाटणारी गोष्ट त्या काळी एक लढा होती, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

या पार्श्वभूमीवर छायाचित्रकाराचे स्थान किती वेगळे होते हे दिसून येते. त्याला वतन नव्हते, बलुते नव्हते, मान नव्हता, सनद नव्हती. त्याची जात कोणती असावी याविषयी रूढीचा दंडक नव्हता. मुंबईत तो पारशी असे, हिंदू असे, युरोपियन असे. त्याला बोलावले नाही म्हणून कोणाचा अपमान होत नव्हता. दुसऱ्याला बोलावले म्हणून तो दावाही लावू शकत नव्हता. लग्नघरात पैसे घेऊन काम करणाऱ्यांपैकी ज्याला निव्वळ त्याचे काम पाहून निवडावे लागले, अशा आरंभीच्या व्यक्तींत त्याची गणना करावी लागेल. निवडीचे स्वातंत्र्य यजमानाला येथे आयते मिळाले; परंतु त्याबरोबर निवडीची जोखीमही त्याच्याच पदरी आली. वतनदाराने काम बिघडविले तर दोष परंपरेचा होता. निवडलेल्या मनुष्याने बिघडविले तर तो निवडणाऱ्याचा ठरू लागला.

२. मुंबईतील आरंभ आणि ग्राहकाचा उदय

दागेर यांची पद्धती १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झाली आणि थोड्याच अवधीत तिची साधने हिंदुस्थानातील बंदरांत पोहोचली. मुंबईत या विद्येला संस्थात्मक रूप आले ते १८५४ साली, फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली तेव्हा. डॉ. भाऊ दाजी यांचे नाव आरंभीच्या सभासदांत आहे, आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे स्वतः कुशल छायाचित्रकार होते. पुढील वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला. त्या वर्गातून बाहेर पडलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचे छायाचित्रगृह चालविले. हौस, विद्या आणि धंदा या तीन पायऱ्या एकाच शहरात अवघ्या पाच-सात वर्षांत ओलांडल्या गेल्या.

याच काळातील दुसरा एक प्रवाह आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. विल्यम जॉन्सन यांनी १८६३ ते १८६६ या काळात मुंबईतील निरनिराळ्या जातिजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड प्रसिद्ध केले. त्यांत छायाचित्रगृहात घेतलेल्या आकृती मुंबईतील स्थळांच्या पार्श्वभूमीवर जोडलेल्या आहेत. पुढे १८६८ ते १८७५ या काळात फोर्ब्स वॉटसन व के यांच्या संपादकत्वाखाली ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा सरकारी ग्रंथ निघाला. या ग्रंथांतील मनुष्य हा नमुना आहे. त्याने छायाचित्रकार निवडलेला नाही, कसे उभे राहावे हे ठरविलेले नाही. त्याच्या चित्राखाली बहुधा त्याच्या जातीचे नाव असते, त्याचे स्वतःचे नव्हे.

विवाहित जोडप्याने पैसे देऊन काढविलेले चित्र यांच्या अगदी उलट आहे. येथे यंत्रासमोरचा मनुष्य ग्राहक आहे. कोणता शालू नेसावा, कोणते दागिने घालावेत, खुर्चीवर कोणी बसावे व मागे कोणी उभे राहावे, यांविषयी त्याला म्हणणे आहे. चित्र न आवडल्यास ते नाकारण्याचा अधिकारही आहे. वसाहतकालीन छायाचित्रणाच्या अभ्यासात पहिल्या प्रकाराकडे जेवढे लक्ष दिले गेले तेवढे दुसऱ्याकडे दिले गेलेले नाही. परिणामी एकोणिसाव्या शतकातील भारतीय मनुष्य म्हणजे यंत्रापुढे उभा केलेला मनुष्य, असा एकांगी ग्रह होण्याचा संभव आहे. त्याच शहरात, त्याच दशकांत, त्याच प्रकारच्या यंत्रापुढे स्वेच्छेने जाऊन बसलेली माणसेही होती, आणि कोणाच्या यंत्रापुढे बसावयाचे हे त्यांनीच ठरविले होते.

ही निवड मध्यम वर्गाच्या आवाक्यात आली ती लहान आकाराच्या चित्रांमुळे. दिस्देरी यांनी १८५४ साली पॅरिसमध्ये अशा पद्धतीचे एकस्व घेतले की, एकाच काचेवर अनेक लहान प्रतिमा घ्याव्या आणि त्या भेटीच्या पत्त्याएवढ्या पुठ्ठ्यावर चिकटवाव्या. १८६० नंतर या लहान चित्रांचा प्रसार जगभर झाला. एकाच बैठकीच्या अनेक प्रती मिळू लागल्याने चित्र नातेवाइकांकडे पाठविता येऊ लागले. आणि ज्याअर्थी ते चार घरी जाणार, त्याअर्थी ते कोणाकडून काढविले यालाही प्रतिष्ठेचे मूल्य आले.

३. प्रकाश आणि मुहूर्त

येथे एका गैरसमजाचे निराकरण केले पाहिजे. जुन्या संग्रहांतील ज्या चित्रांना आपण “लग्नाचा फोटो” म्हणतो, त्यांपैकी बहुतेक आरंभीची चित्रे विवाहाची नसून विवाहितांची आहेत. हा भेद शाब्दिक नाही. याचे प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडच्या राजघराण्यातील आहे. राणी व्हिक्टोरियाचा विवाह फेब्रुवारी १८४० मध्ये झाला. तिच्या विवाहाचे म्हणून जे छायाचित्र वारंवार दाखविले जाते ते रॉजर फेंटन यांनी १८५४ साली, म्हणजे चौदा वर्षांनंतर घेतलेले आहे. १८५८ च्या जानेवारीत तिच्या ज्येष्ठ कन्येच्या विवाहदिनी छायाचित्रकार राजवाड्यात हजर होता; परंतु त्यानेही वधू व तिचे मातापिता यांची प्रतिमा घेतली, विधीची नव्हे. त्या प्रतिमेत राणीची आकृती अस्पष्ट आहे, कारण त्या क्षणी ती थरथरत होती. राजसत्तेलाही जे साध्य नव्हते ते गिरगावातील किंवा सदाशिव पेठेतील गृहस्थाला साध्य होणे शक्य नव्हते.

याचे कारण तांत्रिक आहे. स्कॉट आर्चर यांनी १८५१ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत काच ओली असतानाच ती यंत्रात घालावी लागे आणि ओली असतानाच ती धुवावी लागे. उष्ण हवेत हा अवधी आणखी कमी होई. प्रतिमा उमटावयास चांगल्या उजेडातही काही सेकंद लागत. तेवढा वेळ मान हलू नये म्हणून मागे लोखंडी टेकू लावण्यात येई. याकरिता छायाचित्रगृह बहुधा वरच्या मजल्यावर, काचेच्या छपराखाली असे.

आता आपल्या विवाहविधीचा विचार करावा. गोरज मुहूर्त हा सूर्यास्ताच्या सुमाराचा. पारशी विवाहही परंपरेने सूर्यास्तानंतर लागत. मंगलाष्टके संपून अंतरपाट दूर होतो तो क्षण डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सरतो. सप्तपदीत वधूवर चालत असतात, होमाजवळ धूर असतो, आणि घरातील विधी अंधाऱ्या माजघरात होतात. शुभ काळ आणि छायाचित्राला अनुकूल काळ यांचा मेळ बसणे कठीण होते. किंबहुना विवाहविधीतील जे जे क्षण धर्मदृष्ट्या महत्त्वाचे, ते ते छायाचित्रकाराच्या दृष्टीने प्रतिकूल होते. त्यामुळे विवाह उरकल्यावर सवडीने, दिवसाच्या उजेडात, वधूवरांना पुन्हा सजवून छायाचित्रगृहात नेणे हा एकच मार्ग उरे. या अवस्थेत निवड करावयाची ती मनुष्याची नव्हे तर जागेची असे. कोणाचा पडदा चांगला, कोणाच्या खुर्च्या चांगल्या, कोणाच्या छपरातून उजेड चांगला येतो, एवढेच पाहावयाचे.

ही स्थिती दोन टप्प्यांनी पालटली. मॅडॉक्स यांनी १८७१ मध्ये सुचविलेल्या जिलेटिनच्या कोरड्या काचा १८८० च्या सुमारास तयार मिळू लागल्या. ओल्या काचेसाठी लागणारा अंधारतंबू बरोबर नेण्याची गरज संपली. छायाचित्रकार लग्नघरी येऊ लागला आणि अंगणातील मांडवात, खुर्च्यांवर वडीलधारे व सतरंजीवर मुले अशी रचना करून समूहचित्र घेऊ लागला. दुसरा टप्पा कृत्रिम उजेडाचा. मॅग्नेशियमची उडणारी भुकटी १८८७ साली जर्मनीत सिद्ध झाली. तिने रात्रीचे चित्र शक्य झाले. पण कापडी मांडवात तिचा भडका धोक्याचा असे, आणि एकदा ती पेटली की धुराने दुसरे चित्र लवकर घेता येत नसे. यावरून असे अनुमान काढता येते की, या काळात संपूर्ण विवाहातून एखादाच क्षण निवडावा लागे. आपल्या संग्रहांत माळा घातलेली वधूवरे समोर पाहत निश्चल उभी दिसतात, त्याचे मूळ काही अंशी या तांत्रिक मर्यादेत आहे. १९२९ पासून काचेच्या बल्बमधील सुरक्षित प्रकाश उपलब्ध झाला. त्याच दशकात लायका व रोलायफ्लेक्स यांसारखी हाती धरण्याची यंत्रे निघाली. आणि मग चित्रामागून चित्र घेत समारंभाची कथा सांगणारा आल्बम संभवनीय झाला.

छायाचित्रकार घरात शिरला तेव्हा निवडीचा प्रश्न जागेवरून मनुष्यावर आला, आणि लगेच त्यात स्त्रियांचा प्रश्न उपस्थित झाला. परका पुरुष घरातील स्त्रियांकडे निरखून पाहणार, त्यांना बसावयास-उठावयास सांगणार, ही गोष्ट अनेक कुटुंबांना मानवणारी नव्हती. लाला दीनदयाळ यांनी १८९२ साली खास स्त्रियांसाठी छायाचित्रगृह काढून ते एका युरोपियन स्त्रीच्या हाती सोपविले, ही घटना या अडचणीची साक्ष देते. छायाचित्राने आयुष्य क्षीण होते असाही समज होता. बडोद्याच्या कलाभवनात शिकून छायाचित्रणाचा व्यवसाय करू पाहणाऱ्या धुंडिराज गोविंद फाळके यांना आरंभी अशा समजुतींशी झगडावे लागले, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात नमूद आहे. अशा परिस्थितीत कौशल्याइतकाच, किंबहुना त्याहूनही अधिक, शीलाचा व ओळखीचा विचार निवडीत होणे स्वाभाविक होते.

४. ज्याला कसोटी नाही असा माल

निवडीच्या प्रश्नाचे मर्म आता पाहू. लग्नाच्या खरेदीतील बहुतेक वस्तूंची परीक्षा आधी करता येते. सोने कसाला लावता येते. शालूचा पोत हाताने पाहता येतो. आचाऱ्याच्या हातची जिलबी अगोदर चाखता येते. छायाचित्राचे तसे नाही. ते विकत घेण्याचे ठरते तेव्हा ते अस्तित्वातच नसते. ते हाती पडते तेव्हा प्रसंग होऊन गेलेला असतो. आणि तो प्रसंग पुन्हा आणता येत नाही. म्हणून ग्राहकाला वस्तू पारखता येत नाही, वस्तूची खूण तेवढी पारखावी लागते. या खुणा कोणत्या होत्या आणि त्या कितपत भरवशाच्या होत्या, हे पाहणे उद्बोधक आहे.

पहिली खूण राजाश्रयाची. जुन्या चित्राच्या पुठ्ठ्याची पाठ पाहिली तर तेथे राजचिन्हे, प्रदर्शनांतील पदके आणि आश्रयदात्या संस्थानिकांचा उल्लेख नक्षीदार अक्षरांत छापलेला आढळतो. निजामाच्या दरबारचे छायाचित्रकार म्हणून दीनदयाळ यांची ख्याती झाल्यानंतर त्यांनी १८९० नंतरच्या दशकात मुंबईसही शाखा काढली. राजाच्या दरबारी ज्याचे काम मान्य झाले त्याच्याकडे आपण गेलो, हे समाधान गृहस्थाला विकत मिळत होते. परंतु पदक हे एखाद्या उत्कृष्ट चित्राला मिळते, नेहमीच्या शंभर चित्रांना नव्हे.

दुसरी खूण दर्शनी खिडकीची. छायाचित्रगृहाच्या दाराशी काचेआड मांडलेली चित्रे रस्त्याने जाणारा पाहू शकत होता. हा पुरावा प्रत्यक्ष खरा, पण निवडक. आणि छायाचित्रगृहातील सिद्ध प्रकाशात काढलेल्या चित्रावरून मांडवातील गर्दीत व धावपळीत तोच मनुष्य काय करील हे कळत नाही. आजही नमुना म्हणून दाखविले जाते ते वीस लग्नांतील वीस उत्तम चित्रांचे मिश्रण असते. कोणा एकाच लग्नाची आरंभापासून शेवटपर्यंतची सर्व चित्रे पाहावयास मागणे हीच खरी परीक्षा होय. कारण तीत मधले सामान्य क्षण, वाईट उजेड आणि घाई यांचाही हिशेब मिळतो.

तिसरी खूण आप्तांच्या शिफारशीची. हिचे सामर्थ्य असे की शिफारस करणाऱ्याने संपूर्ण व्यवहार अनुभवलेला असतो. चित्रकार वेळेवर आला की नाही, प्रती केव्हा दिल्या, घरातील माणसांशी कसा वागला, हे त्याला ठाऊक असते. एकदा पसंत पडलेला छायाचित्रकार थोरल्याच्या लग्नानंतर धाकट्याच्या लग्नालाही, आणि पुढे बारसे-मुंजीलाही बोलावला जाई. येथे एक विलक्षण गोष्ट दिसते. ज्या व्यवसायाला वतन नव्हते त्याने ग्राहकांच्या सवयीतून स्वतःचे एक छोटे वतन निर्माण केले. घरचा उपाध्याय, घरचा सोनार, घरचा शिंपी यांच्या पंक्तीत ‘घरचा फोटोग्राफर’ जाऊन बसला. फरक एवढाच की हे वतन कोर्टात सिद्ध करता येत नव्हते. ते प्रत्येक लग्नात नव्याने मिळवावे लागे.

या खुणांना पुरून उरणारी एक अडचण मात्र पंचांगाने निर्माण केली. आपल्याकडे लग्नाचे मुहूर्त वर्षभर सारखे विखुरलेले नसतात. चातुर्मासात ते वर्ज्य. तुळशीचे लग्न लागले की हंगाम सुरू. आणि मोठ्या तिथीला एकाच गावात अनेक मांडव. चांगल्या छायाचित्रकाराकडे अशा दिवशी चार घरची मागणी एकाच वेळी येते. तो तीन घरे नाकारतो किंवा तीन घरी साहाय्यक पाठवितो. धंद्याच्या हिशेबाने दुसरा मार्ग अधिक सोयीचा, कारण उरलेले अनेक महिने त्याला रिकामे काढावयाचे असतात. नाव एकाचे आणि हात दुसऱ्याचा, ही ग्राहकांची चिरंतन तक्रार व्यक्तीच्या लबाडीतून जितकी उद्भवते त्याहून अधिक ती मुहूर्तांच्या या वाटणीतून उद्भवते. “तुम्ही येणार की तुमचा माणूस?” हा प्रश्न निवडीच्या वेळी स्पष्टपणे विचारून उत्तर लिहून घेणे यातच शहाणपण आहे.

५. काच कोणाची?

चित्र काढून झाल्यावर निवडीचा खरा परिणाम सुरू होतो. यजमानाच्या हाती कागदावरील प्रत येई; मूळ काच छायाचित्रकाराकडे राही. अधिक प्रती हव्या असल्यास त्याच्याकडेच जावे लागे, आणि हा त्याच्या उत्पन्नाचा एक भाग होता. कायद्याची भूमिका याहून वेगळी होती. हिंदुस्थानात १९१४ च्या कायद्याने लागू झालेल्या ब्रिटिश विधीत, आणि पुढे १९५७ च्या भारतीय प्रताधिकार अधिनियमाच्या सतराव्या कलमात, असे तत्त्व आहे की मोबदला देऊन कोणाच्या सांगण्यावरून छायाचित्र घेतले असल्यास, उलट करार नसेल तर, प्रताधिकाराचा प्रथम स्वामी तो सांगणारा होय. म्हणजे काच एकाच्या घरी आणि प्रताधिकार दुसऱ्याच्या नावे, अशी ही विभागणी आहे. ‘उलट करार नसेल तर’ हे शब्द आज विशेष महत्त्वाचे ठरतात. कारण बारीक अक्षरांत छापलेल्या अटींवर सही करून अनेक कुटुंबे आपला हा अधिकार नकळत सोडून देतात.

इतिहासाच्या दृष्टीने यातून उद्भवलेली हानी फार मोठी आहे. काच जड, ठिसूळ आणि जागा अडविणारी. छायाचित्रकार वारला, मुलाने दुसरा धंदा धरला, इमारत पडली, की काचांचे गठ्ठे मोडीत जात. कलकत्त्यातील बोर्न अँड शेफर्ड या विख्यात पेढीचा संग्रह १९९१ सालच्या आगीत नष्ट झाला आणि २०१६ साली ती पेढीच बंद पडली. ज्यांनी राजेरजवाडे टिपले त्यांची ही गत. मग पेठेतील, आळीतील, बाजारपेठेच्या कोपऱ्यावरील छायाचित्रगृहांची काय कथा! दीनदयाळ यांच्या काचा दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात सुरक्षित आहेत, हा अपवाद होय. १९८० नंतरच्या दशकांत रंगीत चित्रे व चित्रफिती सर्वत्र झाल्या आणि २००० नंतर काच व फिल्म दोन्ही गेल्या. पण प्रश्न तोच राहिला. तबकडी वा स्मरणपेटी आज घरी आहे. ती तीस वर्षांनी वाचता येईल काय, हे विचारणे पूर्वी काच मागण्याइतकेच आवश्यक आहे.

६. साक्षीचे मूल्य

छायाचित्र हा विवाहाचा पुरावा मानला जातो. महाराष्ट्रात विवाहनोंदणीच्या अर्जासोबत लग्नपत्रिका व छायाचित्र जोडण्याची पद्धत रूढ आहे. परंतु ही साक्ष कितपत पुरते? १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमानुसार सप्तपदी ज्या विधीत अंतर्भूत आहे तेथे सातवे पाऊल टाकल्यावर विवाह पूर्ण होतो. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील एका द्विभार्याप्रकरणी असा निर्णय दिला की, आवश्यक विधी यथायोग्य झाले असल्याचे सिद्ध झाल्याखेरीज दुसरा विवाह ‘संपन्न’ झाला असे म्हणता येणार नाही. या तत्त्वापुढे माळा घातलेल्या जोडप्याचे चित्र ठेवून पाहावे. ते वरमाला सांगते, सातवे पाऊल सांगत नाही. फसविल्या गेलेल्या एखाद्या स्त्रीच्या बाबतीत हा फरक केवळ पांडित्याचा राहत नाही. छायाचित्रकाराने कोणता क्षण टिपला आणि कोणता सोडला, यावर तिची बाजू बळकट वा दुबळी होऊ शकते.

इतिहाससंशोधकानेही हीच सावधगिरी बाळगली पाहिजे. दोन उदाहरणे पुरेत. पहिले रंगाचे. आरंभीच्या काचा निळ्या प्रकाशाला संवेदनशील आणि पिवळ्या-तांबड्याला जवळजवळ आंधळ्या होत्या. त्यामुळे वधूची पिवळी अष्टपुत्री चित्रात काळवंडलेली दिसते, आणि निळे वस्त्र फिकट. अशा चित्रावरून वस्त्रांच्या रंगाविषयी केलेले अनुमान हटकून चुकते. दुसरे उदाहरण माणसांचे. समूहचित्रात जे आहेत ते आपण मोजतो. जे नाहीत त्यांचे काय? मंगलकार्यात पुढे येऊ नये असा दंडक असलेल्या विधवा, चुलीपाशी राबणाऱ्या स्त्रिया, मांडवाबाहेरचे वाजंत्री, उष्टी काढणारे लोक, हे सर्व त्या दिवशी तेथे होते. ते चौकटीत नाहीत, कारण चौकट ठरविणाऱ्याने त्यांना बोलावले नाही. म्हणून विवाहचित्र हाती येताच पहिला प्रश्न “हे कोण?” हा न विचारता “हे कोणी काढविले, आणि पैसे कोणी दिले?” हा विचारावा. वधूपक्षाने सांगितलेला छायाचित्रकार आणि वरपक्षाने सांगितलेला छायाचित्रकार यांच्या चौकटी एकच असतील असे नाही.

शेवटी वर्तमानाविषयी एक निरीक्षण. १८७० च्या सुमारास चित्र विवाहानंतर काही दिवसांनी, विवाहविधीपासून दूर, चितारलेल्या पडद्यापुढे घेतले जाई. मधल्या काळात तंत्राने ते विधीच्या जवळ जवळ आणले. इतके की अंतरपाट खाली येण्याचा क्षणही त्याला गवसला. आणि आता विवाहापूर्वीच एखाद्या किल्ल्यावर वा समुद्रकिनारी जाऊन चित्रे घेण्याचा प्रघात पडला आहे. चित्र पुन्हा एकवार विधीपासून सुटले आहे, फक्त ते मागे असावयाचे तेथे पुढे गेले आहे. ज्या कारणासाठी आपले पूर्वज छायाचित्रगृहात गेले ती प्रकाशाची अडचण आज उरलेली नाही. त्याअर्थी आपण जसे आहोत त्याहून जसे दिसावे असे वाटते ते नोंदवून ठेवण्याची इच्छा हीच या व्यवसायाची स्थायी प्रेरणा असावी, असा निष्कर्ष काढण्यास प्रत्यवाय नाही. छायाचित्रकाराची निवड करताना कुटुंब स्वतःची कोणती साक्ष मागे ठेवावयाची याची निवड करीत असते.

या विषयाची साधने विखुरलेली व नाशवंत आहेत. गावोगावच्या जुन्या छायाचित्रगृहांच्या मागणीवह्या, दरपत्रके, चित्रांच्या पुठ्ठ्यांवरील पत्ते आणि वृद्ध छायाचित्रकारांच्या आठवणी यांची नोंद एकेका तालुक्यापुरती जरी पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी केली, तरी पुष्कळ साध्य होईल. प्रारंभ स्वतःच्या घरातील आल्बमपासून करावा. चित्र चौकटीतून अलगद काढावे आणि आधी त्याची पाठ वाचावी.